सात मिनिटं बाकी असताना

"कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी..."

धन्या मध्यरेषा ओलांडून गेला, डावीकडं हूल दिली, उजवा पाय लांब टाकला आणि तिथंच उभा राहिला. दम सुटला नव्हता, पाय घसरला नव्हता. नुसता गप्प झाला. समोर कोण नव्हतंच. एकपात्रीत समोर कोण असणार? पांढऱ्या चिकटपट्टीच्या रेघा आणि शाळेच्या हॉलची भिंत.

"पुढं?" अकिवाटे सर खालून ओरडले.

"पुढं येत नाही सर."

"अहो, शिट्टी वाजते, मॅच संपते, तुम्ही हात वर करता. मग निरोप येतो. चार वाक्यं आहेत फक्त!"

"वाक्यं पाठ आहेत."

"मग?"

"येत नाहीत."

मी कोपऱ्यात मिक्सर मांडून बसलो होतो. शिट्टीचा आवाज माझ्याकडं होता, बटण दाबलं की फुर्रर्र. मी म्हटलं, "सर, गाडी जुनी झाली. पोट पुढं जातंय, माणूस मागं राहतोय. दोन माणसं लावून ढकलू का?"

नेहमी धन्याच पहिला हसायचा. त्या दिवशी हसला नाही. माझ्याकडं बघत राहिला. मी खाली बघून उगाच वायरी चाचपल्या.

चौथ्यांदा तो तिथंच अडकला होता. आणि का अडकतोय ते त्या हॉलमध्ये मला एकट्याला ठाऊक होतं.

तुम्हाला नीट सांगतो. मी रावसाहेब कोरे. इचलकरंजीत माझं लाऊडस्पीकर आणि मांडवाचं काम. लग्न असो, बारसं असो, मतमोजणी असो, आवाज माझा. आणि थापा पण माझ्याच. जित्या माणसाची तेराव्याची पत्रिका छापून त्यालाच नेऊन दिली होती मी. 'जेवायला यायचं हं,' म्हणून. असल्या खोड्यांवरच गाव मला पोसत आलंय.

धनपाल मगदूम माझा लंगोटीयार. मागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. बिघडलेला माग नुसत्या आवाजावरून ओळखायचा. पण गावात त्याची ओळख वेगळी. आमच्या बालवीर मंडळाचा चढाईचा गडी. एका दमात तीन गडी मारून परत येणारा. आणि मोठ्या स्पर्धेची फायनल जिंकली त्याच दिवशी पाच वर्षांचा पोरगा गेला तो धनपाल मगदूम, अशी. मॅच संपल्यावर बिचाऱ्याला निरोप कळला. ढाल खांद्यावर, अंगावर गुलाल, आणि तसाच दवाखान्यात. ही गोष्ट गावात लहान पोरं पण सांगतात.

त्याला अठरा वर्षं झाली होती. मंडळाला पन्नास पूर्ण होत होती. अकिवाटे सरांनी ह्याच गोष्टीवर एकपात्री लिहिली, कोल्हापूरहून एक नट आणला. नट चांगला होता, रडायचा छान. पण चढाईला गेला की दोन मिनिटांत कुत्र्यासारखी जीभ बाहेर. मी म्हटलं, "सर, हा गडी बाद व्हायच्या आधीच मरतोय." शेवटी सर धन्यालाच म्हणाले, तुमचंच आयुष्य आहे, तुम्हीच करा. मला वाटलं तो सरांना हाकलून देईल. तो म्हणाला, "करतो."

का म्हणाला, ते मला तालमीच्या त्या संध्याकाळी कळलं.

शाळेच्या फाटकाबाहेर चहा प्यायला थांबलो. धन्यानं कपाला हात लावला नाही.

"रावश्या, सरांनी लिहिलंय ते खोटं आहे."

"नाटक आहे लेका. खोटंच असतंय."

"शिट्टीनंतर निरोप आला नव्हता."

मी चहा फुंकत बसलो. अठरा वर्षांत हे वाक्य आमच्या दोघांत कधी आलं नव्हतं. रोज भेटायचो. त्याच्या घरी दिवाळीचा फराळ, माझ्या घरी उसाचा रस. पद्मा वहिनी मला अजून पहिल्या वाफेचा भात वाढायच्या. पण हे वाक्य नाही.

"परवा प्रयोगात तू शिट्टी वाजवू नकोस," तो म्हणाला. "माईकवरून सूचना दे."

"कसली सूचना?"

"तुला ठाऊक आहे कसली."

"धन्या, नाट्यगृह भरणार आहे. आमदार येणार. वहिनी येणार!"

"तिच्यासाठीच म्हणतोय. तिला वाटतंय मला कळलंच नव्हतं. अठरा वर्षं ती लोकांना हेच सांगते. 'ह्यांना कुणी कळवलंच नाही हो, नाहीतर हे पळत आले असते.' मी शेजारी बसून ऐकतो. मला आता ऐकवत नाही."

"मग घरात सांग की. भाजी निवडताना सांग."

"बसलो होतो सांगायला. लई वेळा बसलो. तोंड उघडलं की 'मीठ दे' म्हणतो." मग तो म्हणाला, "घरात जमत नाही. मैदानात जमंल. तू फक्त सूचना दे. पुढचं मी करतो. नाही दिलीस तर मी तिथंच उभा राहणार. सगळ्यांच्या समोर."

"आणि माझं काय? मला गावात तोंड काढायला जागा राहील?"

"तुझं काय?" तो म्हणाला. "तू तर सांगितलं होतंस."

त्याला वाटत होतं चूक त्याची एकट्याची आहे. मी चहाचे पैसे दिले आणि गाडीला किक मारली.

आता त्या दिवसाचं सांगतो. पूर्वी मैदानात मी सूचना द्यायचो, म्हणजे तमाशाच असायचा. समोरच्या संघाचा गडी चढाईला आला की कर्ण्यातून माझा आवाज: "सूचना ऐका. सांगलीच्या सात नंबरच्या खेळाडूची चड्डी मागून उसवलेली आहे, त्यांनी कृपया बघून घ्यावं." गडी मागं बघायचा, आमची पोरं त्याला तिथंच धरायची. पंच दोनदा माझ्या अंगावर आले, पण पब्लिक माझ्या बाजूचं. आपल्या माणसांनाही सोडायचो नाही. धन्या चढाईला गेला की, "धनपाल मगदूम जिथं असतील तिथून घरी जावं, सासरे म्हैस परत मागायला आलेत." धन्या कबड्डी कबड्डी म्हणतच डावा हात वर करायचा. म्हणजे, ऐकलं रे भाड्या. पब्लिक शिट्ट्या मारायचं. तो आमचा दोघांचा खेळ होता. गावाला तो बघायला आवडायचा.

फायनलला दुपारी चारची वेळ. सात मिनिटं बाकी. आम्ही तीन गुणांनी मागं, मैदानात धन्या आणि अजून एकच गडी उरलेला. गर्दी एवढी की माणूस पडला तरी खाली जायचा नाही. त्यातनं वहिनींचा भाऊ आदगोंडा माझ्या टेबलापाशी आला. सदरा फाटलेला, सायकल कुठंतरी टाकून दिलेली.

"सुकू गच्चीवरनं पडलाय. दवाखान्यात नेलंय. शुद्धीत आहे, पप्पा पप्पा म्हणतंय. भावजींना लगेच पाठवा."

मी माईक घेतला. देवाशपथ सांगतो, मी लगेच घेतला. "सूचना ऐका. बालवीरचे धनपाल मगदूम, तुमचा मुलगा गच्चीवरून पडला आहे, त्याला दवाखान्यात नेलं आहे, तुम्ही ताबडतोब जावं."

सगळं मैदान हसलं. पार मागच्या भिंतीवर बसलेले लोक हसले. धन्या चढाईला निघालेला. त्यानं हसत डावा हात वर केला आणि रेषा ओलांडली.

मी परत सांगितलं. परत हसले. माझ्या घशात दुसरा आवाजच नव्हता हो. दहा वर्षं एकाच आवाजात थापा मारल्या, आता खरं बोलायला वेगळा आवाज कुठनं आणायचा?

इथपर्यंतचं धन्याला ठाऊक होतं. पुढचं नव्हतं.

आदगोंडा माझ्या तोंडाकडं बघत होता. म्हणाला, "त्यांना चेष्टा वाटतीय. मी आत जातो." दोरी उचलून आत शिरायला लागला. मी त्याचा दंड धरला. धन्या दोन गडी मारून परत येत होता. मैदान उभं राहिलं होतं. एक गुण कमी. नुसता एक. मी म्हटलं, "तू हो पुढं, ताईजवळ थांब. मी घेऊन येतो त्याला. माझ्या गाडीवर आणतो."

तो माझ्यावर विश्वास ठेवून गेला. आणि मी बसलो. माईक बंद केला आणि बसलो. मैदानात जायला तीस पावलं लागली असती. मी सात मिनिटं मॅच बघितली. शेवटच्या चढाईला आम्ही जिंकलो तेव्हा मीच टेबलावर चढून नाचलो. मग मिरवणूक. चौकापर्यंत आल्यावर मला कुठं भान आलं, तेव्हा धन्याला सांगून गाडीवर बसवलं. दवाखान्यात पोचलो तेव्हा पोराला जाऊन पाव तास झाला होता. वहिनींनी धन्याच्या अंगावरचा गुलाल बघितला आणि काहीच विचारलं नाही.

त्याच रात्री गल्लीत मीच सांगितलं, निरोप मॅच संपल्यावर आला. माझ्या सूचनेला लोक नीट ऐकायच्या आधीच हसायचे, मैदानात मी काय म्हटलं होतं ते कुणाच्या ध्यानातच नव्हतं. लोकांनी मानलं. आयुष्यात मारलेल्या थापांत एवढी कुठलीच चालली नाही.

प्रयोगाच्या दिवशी नाट्यगृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिली रांग पाहुण्यांची, तिसऱ्या रांगेत कडेला पद्मा वहिनी, मोरपंखी काठाची साडी. शेजारी आदगोंडा, आता डोक्यावर टक्कल. मला बघून वहिनींनी हात केला. मी पण केला. माझं टेबल विंगेत न ठेवता मुद्दाम खाली, स्टेजच्या कडेला मांडलं होतं. मैदानात असायचं तसं. धन्यानंच सांगितलं होतं सरांना.

तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला.

खरं सांगू, धन्या नट म्हणून काही नव्हता. हात कुठं ठेवायचे कळायचं नाही. पण त्यानं लग्नातली गोष्ट सांगितली, पोराला खांद्यावर घेऊन पहाटे मैदान झाडायला जायचा ती सांगितली. "सुकू रेषेवर बसायचा आणि मला आऊट द्यायचा. एवढा कडक पंच मी बघितला नाही," असं म्हणाला तेव्हा लोक हसले आणि लगेच गप्प झाले. मी मागं वळून बघितलं. वहिनी सरळ बसल्या होत्या.

मग फायनल आली. तोंडानं गुण सांगत तो खेळत होता. घाम खरा होता, दम खरा होता. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, पण रेषा ओलांडली की पाय जुनेच.

"सात मिनिटं बाकी," तो म्हणाला. हे सरांच्या वहीत नव्हतं.

आणि थांबला. त्याच जागी.

विंगेतून सर दात चावत म्हणाले, "शिट्टी! कोरे, शिट्टी वाजवा!" माझं बोट बटणावर होतं. एक बटण दाबलं असतं तर मॅच संपली असती. शिट्टीनंतर निरोप, चार वाक्यं, टाळ्या, आमदारांचं भाषण. वहिनी घरी जाऊन म्हणाल्या असत्या, छान केलंत.

"कोरे!"

धन्या माझ्याकडं बघत नव्हता. समोर, तिसऱ्या रांगेकडं पण बघत नव्हता. नुसता उभा होता. एक मिनिट झालं असेल. लोक चुळबुळ करायला लागले.

मी माईक घेतला.

"सूचना ऐका."

मागच्या रांगेतून कुणीतरी जुना माणूस ओरडला, "आली रे आली रावश्याची!" आणि पाच-पन्नास लोक हसले. अगदी तस्सेच.

"बालवीरचे धनपाल मगदूम, तुमचा मुलगा गच्चीवरून पडला आहे. त्याला दवाखान्यात नेलं आहे. तुम्ही ताबडतोब जावं."

धन्यानं हसत डावा हात वर केला. "कबड्डी कबड्डी कबड्डी..." पुढं निघाला. त्याला एवढंच दाखवायचं होतं. वहिनींना दाखवायचं होतं की बघ, मी ऐकलं होतं, आणि असा हसलो होतो.

त्यानं मागितलेलं एवढंच होतं. तिथं मी थांबायला पाहिजे होतं. पण माईक माझ्या हातात होता आणि मी उठून उभा राहिलो होतो.

"धन्या," मी म्हटलं, "ही चेष्टा नव्हे. आईशपथ नव्हे. आदगोंडा आत येत होता, मी त्याला परत पाठवला. मला मॅच जिंकायची होती. सुकू हाक मारतोय. खेळ सोड. जा."

दम तुटला. कबड्डी अर्ध्यात तुटली. एवढ्या वर्षांत मी धन्याचा दम समोरच्याच्या मैदानात तुटलेला कधी बघितला नव्हता. तो वळला, माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याला मी नाव देऊ शकत नाही. मग पायऱ्या उतरून खाली आला, मधल्या वाटेनं, अनवाणी, चालत नाही, पळत, आणि दार ढकलून बाहेर गेला.

स्टेज रिकामं. नुसता उजेड आणि पांढऱ्या रेघा.

लोकांनी केवढ्या टाळ्या वाजवल्या! उभं राहून वाजवल्या. आमदार डोळे पुसत होते. सर विंगेतून येऊन मला म्हणाले, "कोरे, हे कधी ठरवलंत तुम्ही? शेवट काय जबरदस्त काढलात!" मी म्हटलं, "पडदा पाडा सर."

हॉल रिकामा झाला तरी वहिनी उठल्या नव्हत्या. आदगोंडाला त्यांनी बाहेर पाठवलं. मी वायरी गुंडाळत होतो. त्या टेबलापाशी आल्या.

"वहिनी," मी म्हटलं, "मला चपलेनं मारा."

"मला ठाऊक होतं भावजी."

माझ्या हातातली वायर तशीच राहिली.

"आदगोंडानं त्याच रात्री सांगितलं होतं. ह्यांनी हात वर केलेला त्यानं बघितला होता. तुम्ही त्याला परत पाठवलं तेही सांगितलं."

"अठरा वर्षं? आणि तुम्ही मला भात वाढत होता?"

"मग काय करायचं? घरात आम्ही दोघंच उरलो होतो. मी म्हटलं असतं मला ठाऊक आहे, तर हे माझ्यासमोर बसले असते का? एकाला ठाऊक आणि एकाला वाटतंय दुसऱ्याला ठाऊक नाही, असं आमचं घर चाललं होतं. लोकांना मी सांगायचे, ह्यांना कळलंच नव्हतं. ह्यांना ऐकू जावं म्हणूनच सांगायचे. ह्यांना बरं वाटावं म्हणून."

"त्याला ते ऐकवत नव्हतं वहिनी."

"आज कळलं ते मला." त्यांनी पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. "आता दोघांनाही सगळं ठाऊक आहे. घरी गेल्यावर एकमेकांकडं बघायचं कसं, तेवढं सांगा. तुम्हाला तर सगळ्याला उत्तर असतंय."

मला थाप पण सुचली नाही.

त्या दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "भावजी, तुम्ही घरी येऊ नका. थोडे दिवस."

"किती दिवस?"

त्या बाहेर गेल्या. धन्या नाट्यगृहाच्या कट्ट्यावर बसला होता म्हणे. आदगोंडा सांगत होता, दोघं चालतच घरी गेले, रिक्षा केली नाही. वाटेत कोण कुणाशी बोललं नाही.

नाटकाचा दुसरा प्रयोग झाला नाही. सरांनी फार गळ घातली, धन्या नाही म्हणाला. मंडळानं सूचना द्यायला दुसरा माणूस ठेवला. मीच सोडलं ते काम. नवं पोरगं बरं आहे, साधं सरळ बोलतं.

आठ वर्षं झाली. धन्याच्या गल्लीत मी अजून वळलेलो नाही. गावाला वाटतंय तो नाटकाचाच शेवट होता, आणि मला विचारतात, "काय रावसाहेब, पुन्हा कधी?" मी म्हणतो, "नट पळून गेला."

धन्या मात्र भेटतो. कारखाना सुटला की कोपऱ्यावरच्या गाड्यावर येतो, दोन चहा सांगतो, एक माझ्यापुढं सरकवतो. मागाचं बोलतो, सुताच्या भावाचं बोलतो. त्या दिवसाचं नाही. गेल्या महिन्यात मी धीर करून विचारलं, "वहिनी बऱ्या आहेत?"

"बरी आहे." तो कप खाली ठेवून म्हणाला, "बोलतो आम्ही आता."

काय बोलता, ते मी विचारलं नाही.